कृष्णेचा गाळ आणि मासेमार मांजर

प्रश्न: २०१९ च्या पुराने घरात वीतभर गाळ टाकला. असा गाळ पुढे समुद्रापर्यंत जाऊन त्रिभुज प्रदेश वाढतो, हे आजही खरं आहे का? – एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर: फारच थोडा जातो. वाटेत धरणं आहेत: आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि शेवटी विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज. जलाशयात पाण्याचा वेग मरतो. वाळू फुगवट्याच्या तोंडाशीच बसते, बारीक काळी माती तेवढी पुढे सरकते. विजयवाड्याखालची जमीन अशाच गाळाची असल्याने ती हळूहळू दबत जाते. वर नवा थर पडला नाही की लाटा किनारा खातात.

गोड्या पाण्याची तूट त्याहून वाईट. (कोयनेचं बरंच पाणी तर वीज करून पलीकडे वाशिष्ठीत जातं, ते कृष्णेला भेटतच नाही.) उन्हाळ्यात बॅरेजखाली पाणी जवळपास सुटत नाही. भरतीचं खारं पाणी सखल भागात अडकतं, आटतं, मीठ मागे राहतं आणि चिवट तिवरंही (खारफुटीची झाडं) खुरटतात. अशा जागी नुसती रोपं लावली तर लावणाऱ्यांचे फोटो तेवढे निघतात. म्हणून आंध्रात आधी चर खणतात: खाडीला जोडलेला मुख्य चर आणि त्याला माशाच्या काट्यासारखे तिरके फाटे. भरती-ओहोटीने मीठ धुपलं की चराच्या उतारावर रोपं लावायची. तळाशी लावली तर बुडून कुजतात, माथ्यावर लावली तर वाळतात. चर गाळाने बुजतात. उपसणं थांबलं की सगळं पूर्वपदावर.

प्रश्न: आंध्रात कृष्णेच्या मुखाशी असलेल्या कृष्णा अभयारण्यातलं मासेमार मांजर म्हणजे आपल्या उसात दिसतं तेच का? पाहायला कधी जावं? – एक वाचक, कराड

उत्तर: नाही. उसातली ती बाऊल, म्हणजे रानमांजर: लांब पाय, अंग जवळपास बिनठिपक्याचं, कानाच्या टोकाला केसांचा झुपका. मासेमार मांजर आखूड पायांचं, दणकट, करड्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी, शेपूट आखूड. नखं पूर्ण आत जात नाहीत, त्यामुळे चिखलातल्या ठशात ती कधीकधी उमटतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे. प्राणी निशाचर, तेव्हा दिसेलच या भरवशावर जाऊ नका. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात ठसे शोधा, पाणपक्षीही तेव्हाच उतरतात. वनखात्याची परवानगी आधी घ्या. होडीची वेळ नावाड्यालाच ठरवू द्या: भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि ओहोटीत उथळ खाडीत होडी रुतते. गेवा या खारफुटीच्या झाडाची फांदी मोडू नका, तिचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.