वडिलांच्या पेट-सीटीत मानेच्या रक्तवाहिनीत कॅल्शियम निघालंय, कॅन्सरचे डॉक्टर काहीच बोलले नाहीत. आपण विचारावं का?

विचारा. ते गाठ बघत असतात, मान नाही.

माझ्या बाबांना लिम्फोमा होता. केमोनंतरचा पेट-सीटी आला तेव्हा घरात सगळ्यांनी फक्त शेवटचं ‘इम्प्रेशन’ वाचलं: आजार दिसत नाही. आईची फोनाफोनी सुरू झाली. मला मेलं अख्खा रिपोर्ट वाचायची खोड. थायरॉइड आणि फुप्फुसांच्या मध्ये एक ओळ होती, दोन्ही कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या नळ्यांत, कॅल्सिफाइड प्लाक, म्हणजे कॅल्शियम साचलेला थर. दादाला दाखवली. तो म्हणाला, “महत्त्वाचं असतं तर डॉक्टर बोलले नसते? मिठाचा खडा टाकू नकोस.” मी गप्प बसलो.

पाच महिन्यांनी बाबा शर्टाची बटणं लावत होते. तिसरं बटण लागेना. उजव्या हाताची बोटं काजाभोवती नुसती फिरत होती. “अरे, हे...” म्हणाले, आणि पुढचा शब्दच येईना. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. दादाचं निदान तयार: अशक्तपणा. या वेळी मी ऐकलं नाही, तडक इमर्जन्सीत नेलं. टीआयए होता, म्हणजे स्ट्रोकची चाहूल. डॉप्लर, म्हणजे मानेतल्या नळ्यांची सोनोग्राफी, केला तर डावी कॅरोटिड 70 टक्क्यांहून जास्त अरुंद.

पेट-सीटीतला सीटी बरेचदा कॉन्ट्रास्टशिवाय, कमी डोसचा असतो. त्यात कॅल्शियम दिसतं, पण रक्ताला वाट किती उरलीय ते कळत नाही. ते डॉप्लर सांगतो, तोही सुईशिवाय आणि रेडिएशनशिवाय. मानेला रेडिएशन झालं असेल तर मागे लागाच, त्याने या नळ्या पुढे अरुंद होऊ शकतात. मेंदूच्या एमआरआयचंही तेच. गाठ पसरली नाही या आनंदात ‘जुना लॅक्युनर इन्फार्क्ट’, म्हणजे पूर्वी होऊन गेलेला छोटा स्ट्रोक, हे शब्द कोणी वाचत नाही.

हां, घाबरवत नाहीये. उतारवयात असं कॅल्शियम खूप जणांना निघतं आणि बहुतेकांची वाट मोकळीच असते. प्रत्येकाला डॉप्लर लागेलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल मात्र तपासून घ्या, सिगरेट असेल तर बंद. आणि मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका, केमोत प्लेटलेट घसरलेले असू शकतात.

दादा हल्ली म्हणतो, तू तेव्हा नीट सांगितलंच नाहीस. त्या ओळीखाली मी मारलेली पेनाची रेघ फाइलमध्ये आहे, शेजारी तारखेसकट.