ईडीटीए विरघळेना, प्रोटोकॉल जुळेना

प्रश्न : पीएच.डी.चं पहिलं वर्ष आहे, मॉलिक्युलर बायॉलॉजीची लॅब. काही विचारलं की सीनिअर म्हणतात, 'यूट्यूबवर बघ.' तिथे दहा व्हिडिओ आणि दहा पद्धती. परवा ०.५ मोलर ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) दोन तास स्टिररवर ठेवलं, तरी पांढरा गाळ तसाच. हे सगळं नीट शिकायचं कुठून?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी तुमच्या गाळाचं बघू. डायसोडियम ईडीटीए एवढ्या तीव्रतेला पीएच ८च्या जवळ गेल्याशिवाय विरघळत नाही, मग स्टिरर रात्रभर फिरवा. एक लिटरसाठी १८६.१ ग्रॅम डायहायड्रेट ८०० मिलिलिटर पाण्यात घाला आणि ढवळतानाच सोडियम हायड्रॉक्साइडच्या पेलेट्स थोड्या थोड्या टाकत राहा. साधारण २० ग्रॅम लागतात. द्रावण निवळू लागलं की पेलेट्स थांबवा, पुढचं काम त्याच अल्कलीच्या द्रावणाच्या थेंबांनी करा, नाहीतर पीएच ८च्या पुढे निघून जातो. मग पाण्याने एक लिटर करा. जुलैत आपल्या खाडीकाठच्या हवेत बाटली पाच मिनिटं उघडी राहिली तरी पेलेट्स पाणी धरतात, म्हणून वजनापेक्षा पीएच मीटरचं ऐका.

व्हिडिओत हे सहसा सांगत नाहीत. पिपेट कसं धरायचं, जेलचा कंगवा कसा काढायचा, हे हाताचं काम व्हिडिओवरून छान कळतं. कारणं मात्र लिखित मजकुरात सापडतात. सगळ्यात दुर्लक्षित मजकूर म्हणजे किटच्या डब्यातली पुस्तिका. तिच्या शेवटी 'काय बिघडलं, का बिघडलं' असा तक्ता असतो. किट फोडण्याआधी तो वाचा. प्लास्मिडच्या (जिवाणूंतल्या छोट्या गोल डीएनएच्या) कामासाठी ॲडजीन या प्लास्मिड पुरवणाऱ्या संस्थेचे मोफत प्रोटोकॉल, म्हणजे लेखी कृती, नवख्याला पुरेसे आहेत. प्रोटोकॉल्स डॉट आयओ या संकेतस्थळावर एकाच पद्धतीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या दिसतात, त्यामुळे कुठली पायरी बदलली ते कळतं. थिअरी कच्ची असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आयआयटी आणि आयआयएससीचे कोर्स फुकट पाहता येतात. अख्खा कोर्स बघत बसू नका, अडलेल्या विषयाची दोन-चार व्याख्यानं बघा.

चांगला प्रोटोकॉल ओळखायची आमची खूण सांगतो. सेंट्रिफ्यूजचा वेग नुसता आरपीएममध्ये (मिनिटाला किती फेऱ्या) दिला असेल तर सावध व्हा. १२,००० आरपीएमला ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर सुमारे १२,९०० जी (गुरुत्वाच्या १२,९०० पट) बल पडतं, ६ सेंटिमीटरच्या रोटरवर सुमारे ९,७००च. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याकडे नळीच्या तळाशी घट्ट बसलेला साका (यालाही पेलेटच म्हणतात) तुमच्याकडे सुटतो तो यामुळे. जी बलाचं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : १.११८ × १०⁻⁵ × सेंटिमीटरमधली त्रिज्या × आरपीएमचा वर्ग. ट्रिस बफर या पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणाचंही तसंच. पीएच कुठल्या तापमानाला लावला ते लिहिलेलं हवं. २५ अंशांना ८.० लावलेलं ट्रिस ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ८.६च्या आसपास जातं. आम्ल घातल्यावर द्रावण तापतं, ते निवू न देता पीएच लावणारेही बरेच असतात.

प्रश्न : आमचं कॉलेज खाजगी आहे. हवा असलेला पेपर उघडायला गेलं की पैसे मागतात. उघडलाच तर पद्धतीच्या जागी 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' एवढंच!
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी योजना सरकारी संस्थांसाठी आहे. तुमचं कॉलेज बसतं का, ते ग्रंथपालांना विचारा. बसत नसेल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन टाका. पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. पबमेड सेंट्रल आणि बायोआर्काइव्ह ही मोफत पेपरांची भांडारंही बघा. तरी नाही मिळाला तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला (पेपरवर ज्याचा ईमेल दिलेला असतो त्याला) चार ओळींचा ईमेल करा, पुष्कळजण पीडीएफ पाठवतात.

'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे'चा माग मूळ पेपरपर्यंत काढावाच लागतो. कधी तीन पेपर मागे जाऊन मूळ पद्धत सापडते, आणि ती वेगळ्याच पेशींवर केलेली निघते. त्याआधी पेपरसोबतची सप्लिमेंटरी फाइल उघडा. आणि शोधगंगा विसरू नका. इन्फ्लिबनेटच्या या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. पेपरमध्ये दोन ओळींत उरकलेली कृती प्रबंधात दोन पानं असते, शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या रसायनांनी केलेली. फक्त आकडे डोळे मिटून उतरवू नका. एका प्रबंधातली चूक पुढच्यात जशीच्या तशी जाते, म्हणून रेणूभारावरून ग्रॅम स्वतः काढून पाहा.

प्रश्न : जेलवरच्या बँड्सची तीव्रता मोजायला कुठलं सॉफ्टवेअर? जेलच्या तीन विहिरींत (खाचांत) एकच नमुना भरला तर एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) = ३ म्हणायचं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : फिजी नावाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. फोटो टिफमध्ये ठेवा, जेपेगमध्ये माहिती गळते. बँड पांढराफटक दिसत असेल तर कॅमेरा सॅच्युरेट झालाय, एक्स्पोजर कमी करून पुन्हा घ्या.

आणि नाही, तो एन १. तीन विहिरींतून तुमच्या पिपेटिंगचा फरक कळतो, पेशींमधला नाही. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या कल्चरवर प्रयोग केला तर एन ३. याची सोपी मांडणी 'नेचर मेथड्स'च्या 'पॉइंट्स ऑफ सिग्निफिकन्स' या सदरात मिळेल. ते प्रयोग आखण्याआधी वाचा, आलेख काढायला बसल्यावर नव्हे.