अँटेनाच्या अर्जावर एफईआर आला आणि "ही तर ज्ञात भागांची नुसती मांडणी" असा आक्षेप आहे, तेव्हा काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न, एफईआर (पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल) आणि मूळ स्पेसिफिकेशन (अर्जासोबत दिलेलं शोधाचं सविस्तर वर्णन) तिन्ही नीट वाचलं. पुढे हे वाचायला येणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो.

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारी एक छोटी बिनतारी पेटी ताईंनी बनवली आहे. पेटी झाडाच्या बुडाशी मातीला टेकून बसते. आत एकाच बोर्डावर दोन अँटेना आहेत. ८६६ मेगाहर्ट्झचा लोरासाठी (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) आणि २.४ गीगाहर्ट्झचा ब्लूटूथसाठी. दोघांच्या मध्ये तांब्याची एक पट्टी आहे. ती स्विचने ग्राउंडला जोडता येते किंवा मोकळी सोडता येते. माती कोरडी असली की पट्टी जोडलेली, ओली झाली की सोडलेली. पेटंट ऑफिसच्या एफईआरमध्ये चार मोठे आक्षेप आहेत: डी१ आणि डी२ हे दोन जुने दस्तऐवज एकत्र वाचले तर इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारं नवं पाऊल) उरत नाही, पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) प्रमाणे ही माहीत असलेल्या भागांची नुसती मांडणी आहे, काही क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारी अर्जातली कलमं) ३(के) मध्ये, म्हणजे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही या तरतुदीत, अडकतात, आणि एका अर्जात दोन शोध कोंबले आहेत. ओळखीचे लोक म्हणतात, सोडून द्या, पैसे वाचवा.

सोडू नका. शोध खरा आहे. पण तो क्लेम १ मध्ये नाही, आकृती ४ मध्ये आहे. एक्झामिनर क्लेम तपासतो, त्यामुळे त्याने घेतलेला आक्षेप त्याच्या जागी बरोबर आहे. क्लेम १ आज आहे तसा टिकणार नाही, हे आधी मान्य करा म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सगळ्यात आधी तारीख. एफईआर निघाल्याच्या तारखेपासून सहा महिने मिळतात. तुम्ही मेल कधी उघडला याला महत्त्व नाही. ते सहा महिने संपायच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४ भरला तर आणखी तीन महिने मिळतात. उत्तर गेलंच नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि मग शोध कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांचे कितीतरी अर्ज असेच बुडतात. अर्ज करताना कौतुक होतं, बातमी छापून येते, आणि एफईआरचा मेल कुणाच्या तरी जुन्या आयडीवर पडून राहतो.

आता ३(एफ). कलमाचे शब्द नीट पाहा. माहीत असलेल्या साधनांची मांडणी, फेरमांडणी किंवा दुप्पट संख्या, *ज्यात प्रत्येक साधन एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि माहीत असलेल्या पद्धतीनेच काम करतं*, तिला पेटंट नाही. सगळा जोर "स्वतंत्रपणे" या शब्दावर आहे. एका डब्यात टॉर्च आणि रेडिओ बसवला तर दोन्ही आपापलं काम करतात, म्हणून तो ३(एफ) मध्ये जातो. अँटेनाच्या जगात मात्र जवळ ठेवलेली धातूची कोणतीही वस्तू स्वतंत्र राहत नाही. दूरदर्शनच्या काळात आपल्या पत्र्यांवर आणि माळवदांवर जो काड्यांचा अँटेना असायचा तो यागी-उडा. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास त्याचं काम झालं. त्यात वायर जोडलेली काडी एकच असते. बाकीच्या काड्यांना कसलीही वायर जात नाही. तरी त्यांची लांबी आणि एकमेकांतलं अंतर अशा हिशेबाने ठेवलेलं असतं की त्या लहर पुन्हा सोडतात आणि सगळा जोर एका दिशेला जातो. त्या काड्या अंगणात वेगवेगळ्या ठेवल्या तर नुसत्या ॲल्युमिनियमच्या काड्या आहेत. मांडणी हाच तिथे शोध होता. तुमच्या उत्तरात नेमका हाच मुद्दा यायला हवा: पट्टी, लोराचा अँटेना आणि ब्लूटूथचा अँटेना यांतलं एक हलवलं की बाकी दोघांचं वागणं बदलतं, आणि ते किती बदलतं हे तुमच्या स्पेसिफिकेशनमधल्या तक्ता ३ मध्ये मोजून दिलेलं आहे. नुसतं "आमचे भाग परस्परावलंबी आहेत" असं वाक्य लिहून भागत नाही. तक्त्याच्या ओळीकडे बोट दाखवा.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल एक्झामिनर बहुतेक उद्धृत करेल. तो जुन्या कायद्याखालचा आणि भांडी लेथवर फिरवताना पकडून ठेवायच्या साधनाबद्दलचा आहे, पण आजही तोच पाया धरतात: जुन्या गोष्टी नुसत्या शेजारी आणल्या आणि त्यात शोधक बुद्धीला काही कामच पडलं नाही, तर पेटंट नाही. त्या निकालाला घाबरू नका. तुमच्या बाजूने बुद्धीचं काम कुठे झालं ते दाखवता आलं की तोच निकाल तुम्हालाही चालतो.

आता मूळ मुद्दा, डी१ आणि डी२. डी१ हे मोबाइल हँडसेटचं प्रकाशन आहे. त्यात दोन अँटेनांच्या मध्ये न जोडलेली पट्टी आहे, एकाची लहर दुसऱ्यात घुसू नये म्हणून. डी२ मध्ये हँडसेट हातात धरला की अँटेनाचा अनुनाद (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सगळ्यात चांगला चालतो ती) सरकतो, म्हणून मॅचिंग सर्किटमध्ये (अँटेना आणि रेडिओचा मेळ बसवणाऱ्या भागात) स्विच दिला आहे. एक्झामिनर म्हणतो: डी१ ची पट्टी घ्या, डी२ चा स्विच लावा, झाली तुमची पेटी.

"आमच्याकडे हात नाही, माती आहे" हे उत्तर तुमच्या मसुद्यात पहिल्या पानावर आहे. ते तिथून काढा. काळ्या मातीचं वर्णन सुंदर आहे आणि खरंही आहे. कोरड्या मातीची सापेक्ष परवैद्युतता (पदार्थाचा विद्युत क्षेत्रावर किती परिणाम होतो याचं माप) तीन ते पाच आणि भिजलेल्या काळ्या मातीची वीसच्या पुढे, पाण्याची तर ऐंशीच्या घरात. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ३४.६ सेंटीमीटर, म्हणजे अँटेनाचं निकट क्षेत्र (जिथली वस्तू अँटेनाचं वागणं थेट बदलते तो भाग) साडेपाच सेंटीमीटरपर्यंत पोचतं आणि पेटी मातीला टेकलेली असल्यामुळे माती थेट त्या क्षेत्रात येते. ठिबक सुरू झालं की अनुनाद खाली घसरतो. सगळं बरोबर. पण एक्झामिनर एका ओळीत म्हणेल की हातही अनुनाद खालीच ओढतो, तेव्हा अडचण तीच आणि उपायही तोच. मातीवर उभं केलेलं उत्तर तिथेच खचतं.

उत्तर उभं करायचं ते स्विच *कुठे* लावलाय यावर. डी१ ची पट्टी दोन्ही टोकांना मोकळी आहे आणि अर्ध्या तरंगलांबीची आहे, म्हणून ती २.४ गीगाहर्ट्झची ऊर्जा अडवते. हवेत ही लांबी सुमारे सहा सेंटीमीटर, बोर्डावर त्याहून कमी. आता डी२ वाचलेला कुणी जाणकार इंजिनिअर या पट्टीला स्विच लावायला गेला तर तो सहजपणे टोकाला लावेल, कारण टोकाला ग्राउंड करायची रीतच आहे. पण टोक ग्राउंड केलं की तीच पट्टी पाव तरंगलांबीच्या हिशेबाने वागायला लागते. तिचा अनुनाद निम्म्यावर, म्हणजे १.२ गीगाहर्ट्झच्या आसपास जातो, आणि त्याच्या पुढचा थेट ३.६ ला. २.४ वर अडवण्याची ताकद गेली. म्हणजे डी१ चा हेतूच मोडला. डी१ आणि डी२ एकत्र केले तर तुमची पेटी तयार होत नाही, बिघडलेला डी१ तयार होतो. हे वाक्य असंच उत्तरात लिहा.

तुम्ही स्विच पट्टीच्या बरोबर मध्यावर घेतलाय. अर्ध्या तरंगलांबीच्या मोकळ्या पट्टीच्या मध्यावर २.४ गीगाहर्ट्झचं व्होल्टेज शून्य असतं. शून्य असलेली जागा ग्राउंडला जोडली काय, सोडली काय, त्या फ्रिक्वेन्सीला फरक पडत नाही, ब्लूटूथकडचं विलगीकरण दोन्ही अवस्थांत टिकतं. ८६६ मेगाहर्ट्झला मात्र तीच पट्टी फार आखूड आहे. तिथे ती लोराच्या अँटेनाच्या मोकळ्या टोकाजवळचा एक कपॅसिटर म्हणून वागते. ग्राउंडला जोडली की अनुनाद खाली येतो, सोडली की वर जातो. माती भिजून अनुनाद खाली ओढायला लागली की पट्टी सोडून तुम्ही तो जागेवर आणता. एक पट्टी, दोन फ्रिक्वेन्सींना दोन वेगळी कामं, आणि एक काम करताना दुसऱ्याला धक्का नाही. हा तुमचा शोध आहे. डी१ मध्ये नाही, डी२ मध्ये नाही, आणि दोन्ही एकत्र करूनही मिळत नाही. कलम २(१)(जेए) मधली "तांत्रिक प्रगती" म्हणतात ती हीच.

आणि तुमच्या क्लेम १ मध्ये काय लिहिलंय? "दोन्ही अँटेनांच्या दरम्यान सुयोग्य अंतरावर धातूची पट्टी आणि सदर पट्टीस जोडलेला स्विच." मध्याचा उल्लेखच नाही. "सुयोग्य" म्हणजे किती तेही नाही, आणि अस्पष्टतेचा वेगळा आक्षेप त्यामुळेच आलाय.

दुरुस्त क्लेमचा आशय असा हवा: पट्टीची लांबी दुसऱ्या अँटेनाच्या फ्रिक्वेन्सीला बोर्डावरच्या अर्ध्या तरंगलांबीइतकी; स्विच पट्टीच्या लांबीच्या मध्यबिंदूशी आणि ग्राउंडशी जोडलेला; पट्टीचं एक टोक पहिल्या अँटेनाच्या मोकळ्या टोकापासून अमुक ते अमुक मिलिमीटर अंतरावर; आणि नियंत्रक ओलावा सेन्सरच्या वाचनानुसार स्विचची अवस्था बदलतो. अंतराचे आकडे स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात असतील तेच घ्या, एक मिलिमीटर इकडेतिकडे नको. "जेणेकरून उत्तम संदेशवहन होते" अशी शेपटी लावू नका. परिणाम क्लेममध्ये मागितला की तो कसा साधला असं विचारलं जातं.

अशी दुरुस्ती चालते का? कलम ५९ दोन गोष्टी मागतं. नवीन मजकूर मूळ स्पेसिफिकेशनमध्ये दाखवलेला असावा, आणि नवीन क्लेम जुन्या क्लेमच्या हद्दीत पूर्ण बसावा. मध्यबिंदू आकृती ४ मध्ये आहे, त्याचं वर्णनही आहे, आणि क्लेम अरुंदच होतोय. दोन्ही अटी पाळल्या जातात. पण गेल्या पावसाळ्यात तुम्ही जी नवी तीन अवस्थांची पट्टी करून पाहिली, ती इथे घुसवू नका. ती मूळ अर्जात नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज करा. जुनाच परिणाम पक्का करणारी नवी मोजमापं मात्र शपथपत्रासोबत जोडता येतात.

३(के) चं फारसं ओझं घेऊ नका. क्लेम ७ ते ९ "प्रोग्रॅम उत्पादन" म्हणून लिहिलेत, ते काढून टाका. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या फरीद अल्लानी निकालानंतर तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या गोष्टीला केवळ सॉफ्टवेअर आहे म्हणून बाहेर काढता येत नाही हे खरं, पण तुमच्या शोधाचा जीव तांब्यात आहे. त्या वादात शिरून वेळ घालवायची गरज नाही.

दोन शोधांचा आक्षेप क्लेम १० मुळे आहे: ओलाव्यावरून मोसंबीला पाणी कधी आणि किती द्यायचं याची पद्धत. कुणीतरी तुम्हाला कलम १६ खाली विभागीय अर्ज (मूळ अर्जातून दुसरा शोध वेगळा काढून केलेला अर्ज) करा म्हणून सुचवलंय. करता येईल, पण तिथे कलम ३(एच) वाट पाहत आहे. शेतीच्या किंवा फळबागेच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंटच नाही. या एफईआरमध्ये तो आक्षेप लिहिलेला नाही म्हणून तो नाही असं समजू नका. क्लेम १० सोडा आणि ते पैसे तीन अवस्थांच्या पट्टीच्या वेगळ्या अर्जाला लावा.

बाकी किरकोळ. परदेशात अर्ज केला नसेल तर फॉर्म ३ मध्ये (परदेशी अर्जांची माहिती देण्याचा फॉर्म) तसं सांगा. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर एफईआरपासून तीन महिन्यांची मुदत त्यालाही लागू आहे, सहा महिन्यांची समजून बसू नका.

प्रतिक्रियांमध्ये एका प्राध्यापकांनी विचारलंय की परिषदेत पेपर आधी वाचला आणि अर्ज नंतर केला तर काय. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या वृत्तांतात छापलेल्या पेपरला बारा महिन्यांची सवलत आहे. पण महाविद्यालयाने भरवलेली प्रत्येक परिषद त्यात बसेल अशी खात्री धरू नका, आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओला तर ती नाहीच. सर, विद्यार्थ्यांना आधी अर्ज करायला लावा, पेपर आठवड्याने वाचला तर काही बिघडत नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ऐंशी टक्के सूटही आहे.

जुने दस्तऐवज शोधताना "अँटेना" शब्दावर शोधत बसू नका, पेटंटच्या वर्गीकरणावर शोधा. एच०१क्यू १/५२ हा गट अँटेनांमधलं एकमेकांत घुसणं कमी करण्याचा, एच०१क्यू १/२४ उपकरणाच्या आत बसवलेल्या अँटेनांचा. एस्पासनेटवर (पेटंट शोधायची वेबसाइट) हे दोन गट चाळले तर मध्यावर ग्राउंड केलेली पट्टी आधी कुणी वापरली आहे का ते उत्तर देण्याआधीच कळेल. हे नक्की करा. एक्झामिनरला डी३ सापडायच्या आधी तुम्हाला सापडलेला बरा.

उत्तरानंतर बहुतेक सुनावणीची नोटीस येईल. ती व्हिडिओवर होते, मुंबईला जावं लागत नाही. कंट्रोलरपुढे (अर्जावर निर्णय देणारा पेटंट ऑफिसचा अधिकारी) वेळ थोडा असतो. पट्टीवरच्या व्होल्टेजची एकच आकृती दाखवा: टोक ग्राउंड केल्यावर काय होतं आणि मध्य ग्राउंड केल्यावर काय होतं. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी निवेदन द्यायचं असतं. त्यात क्लेमची एक स्वच्छ प्रत आणि एक दुरुस्त्या दाखवणारी प्रत, दोन्ही जोडा.

तक्ता ३ आणि आकृती ४ इथे टाका, अर्ज प्रसिद्ध झालेला असल्यामुळे हरकत नाही. अंतराची कोणती मर्यादा धरायची ते पाहून सांगतो. तीन अवस्थांच्या पट्टीबद्दल मात्र इथे आणखी एक शब्दही लिहू नका, आणि प्रश्नात तिचा जो फोटो आहे तो आजच काढा.