धोरणात काम करायचंय? आधी दोन वर्षं समुपदेशन केंद्रात बस

एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं वर्ष आहे, महिलांच्या प्रश्नावर 'थेट धोरणात' काम करायचंय, त्यासाठी दिल्लीला आणखी एक पदवी घेऊ का, असं विचारलंयस. घे की, पण आत्ता नको. आधी दोन वर्षं समुपदेशनात काढ. टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यात ठिकठिकाणी आहे. तिथे जागा निघाली तर सोडू नकोस.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं त्यात आहे. मी ते कलम पाठ करूनच कामाला लागले होते. पहिल्याच महिन्यात एका बाईंना घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, गेले, तर साहेबांकडे तो अतिरिक्त कार्यभार, आणि साहेब भलत्याच बैठकीला. तिसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या, "ताई, तिसरा खाडा झाला. आता नाही यायची मी." पुढे पूर्णवेळ अधिकारी मागणारं निवेदन लिहिलं तेव्हा मी कलमं कमी आणि असे खाडे जास्त मांडले. मंत्रालयातल्या बाईंनी तेवढंच पान दोनदा वाचलं.

म्हणजे अभ्यास नको असं नाही हं. मथुरा खटला बघ. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार, आणि सर्वोच्च न्यायालयातून पोलीस निर्दोष. १९७९ मध्ये वसुधा धागमवार आणि आणखी तीन कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. नुसता संताप नव्हता त्यात; भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे निकालाचाच कीस काढून दाखवलं होतं. त्यावर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पत्र आणि मोर्चा, दोन्ही लागलं.

पैशाचं खरं सांगते: बहुतेक जागा कंत्राटी. माझं मानधन तीन-तीन महिने रखडायचं. घरी आधीच बोलून ठेव.

तोवर एक सवय लाव. महिला व बालविकास विभागाचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर असतात, ते वाचत जा. भाषा रटाळ आहे, चहा घेऊन बस. नवी योजना दिसली की प्रस्तावना सोडून आधी लेखाशीर्ष, म्हणजे खर्च अर्थसंकल्पात कुठे टाकायचा ते खातं, शोध. ते नसेल, तर खर्च कुठून करणार हे विचारणारं पहिलं पत्र तूच लिही.