डीआरएस बंद केल्यावर पुसले गेलेले रिसोर्स पूल परत कसे आणावेत?

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्यात तीन होस्टचा (सर्व्हरचा) व्हीएमवेअर क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेला गट, आहे. वजनकाट्याची व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) एका रिसोर्स पूलमध्ये, शेतकी विभाग व ऊसबिलांची दुसऱ्यात आणि चाचणीची तिसऱ्यात अशी विभागणी होती. एका होस्टची मेमरी बदलण्यासाठी बाहेरून आलेल्या अभियंत्याने काम सुरू करण्यापूर्वी डीआरएस (होस्टांमध्ये मशीनचा भार आपोआप वाटणारी सुविधा) बंद केला आणि तिन्ही पूल नाहीसे झाले. डीआरएस पुन्हा चालू केला, तरी ते परत आले नाहीत. गळीत हंगाम तोंडावर आहे. आमची माहिती गेली का, आणि पूल परत कसे मिळवावेत?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : माहिती गेलेली नाही. रिसोर्स पूल ही केवळ प्रोसेसर आणि मेमरीच्या वाटपाची व्यवस्था आहे; मशीनच्या डिस्क डेटास्टोअरवर, म्हणजे वेगळ्या साठवणुकीवर, असतात आणि पूल पुसल्याने त्यांना धक्का लागत नाही. डीआरएस बंद होताच पूलांची सगळी उतरंड काढून टाकली जाते आणि त्यांतील मशीन, चालू असतील तर चालूच राहून, थेट क्लस्टरच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही पूलबाहेर, येतात. त्यामुळे काटा आजही चालत असेल. पण उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर गेलेली असताना बिलांची प्रक्रियाही जोरात सुरू झाली, तर काट्याला त्याचा ठरलेला वाटा मिळेलच, याची हमी उरलेली नाही.

नवे पूल तयार करण्याची घाई करू नये. वेब क्लायंटमधून (ब्राउझरमधील व्यवस्थापनाच्या पानावरून) डीआरएस बंद करताना रिसोर्स पूलांच्या रचनेचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) जतन करायचा का, असे विचारले जाते. त्या वेळी होकार दिला असेल, तर 'डॉट स्नॅपशॉट' अशा शेवटाची फाइल, ज्या संगणकावर ब्राउझर उघडा होता त्या संगणकावर उतरलेली असते. म्हणजे ती तुमच्या सर्व्हरवर नव्हे, तर बहुधा त्या अभियंत्याच्या लॅपटॉपमधील डाउनलोड फोल्डरमध्ये सापडेल. आधी त्यांना फोन करावा. फाइल मिळाल्यास क्लस्टरवर राइट-क्लिक करून 'रिस्टोअर रिसोर्स पूल ट्री' हा पर्याय वापरावा. त्यासाठी डीआरएस चालू हवा, क्लस्टर तोच हवा आणि त्यात दुसरा एकही पूल नसावा. या शेवटच्या अटीवर पुष्कळ जण अडतात, कारण घाबरून त्यांनी आधीच रिकामे पूल करून ठेवलेले असतात.

फाइल नसेल तर रचना हाताने उभारावी लागते आणि तेव्हा प्रश्न येतो तो जुन्या नोंदींचा. कुणी पूर्वी आरव्हीटूल्सचा (व्हीएमवेअरच्या रचनेची यादी काढणाऱ्या साधनाचा) अहवाल काढून ठेवला असेल, तर त्यात पूलांचे स्वतंत्र पान असते आणि कोणते मशीन कोणत्या पूलमध्ये होते तेही कळते. व्हीसेंटरच्या (क्लस्टर सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरच्या) टास्क आणि इव्हेंटच्या नोंदी साधारणपणे ३० दिवस राहतात, म्हणून त्या आजच उतरवून घ्याव्यात. केवळ पूलांसाठी जुना बॅकअप चालू व्हीसेंटरवर चढवणे मात्र मला धोक्याचे वाटते.

पूल पुन्हा करताना आधी वरचा, मग त्याखालचे, त्यानंतर रिझर्व्हेशन (राखीव किमान वाटा) व लिमिट (कमाल मर्यादा) आणि शेवटी मशीन, असा क्रम ठेवावा. चालू मशीन बंद न करता पूलमध्ये हलवता येते. मात्र त्याच्या स्वतःच्या रिझर्व्हेशनइतकी जागा पूलमध्ये नसेल आणि 'एक्स्पांडेबल' (वरच्या पूलकडून जादा वाटा घेण्याचा) पर्यायही बंद असेल, तर ते आत घेतले जात नाही.

खरी फसगत होते ती काम अर्धवट सोडल्यावर. मुळाशी राहिलेले मशीन हे पूलांचे भावंड ठरते आणि शेअर्सच्या (टंचाईच्या वेळी कुणाला किती वाटा मिळेल हे ठरवणाऱ्या गुणांच्या) जोरावर त्यांच्याशी बरोबरीने भांडते. 'नॉर्मल' पातळीवर मशीनला प्रत्येक व्हीसीपीयूमागे (आभासी प्रोसेसरमागे) १००० शेअर्स मिळतात, तर पूलला प्रोसेसरचे 'नॉर्मल'वर एकूण ४००० आणि 'हाय'वर ८००० मिळतात, मग आत मशीन कितीही असोत. समजा, चाचणीचे ८ व्हीसीपीयूचे एक मशीन मुळाशीच विसरले गेले. त्याचे ८००० शेअर्स आणि 'हाय' ठेवलेल्या संपूर्ण काटा-पूलचे ८००० शेअर्स सारखेच झाले, आणि चढाओढीच्या वेळी ज्या यंत्रणेवर वजनपावती अवलंबून आहे तिला एका चाचणीच्या मशीनइतकेच महत्त्व उरले. अशी अर्धी व्यवस्था ठेवण्यापेक्षा पूल नसलेले बरे. सगळी मशीन हलवून झाल्याशिवाय त्या दिवशीचे काम थांबवू नये.

पूलवर दिलेल्या परवानग्या आणि मशीन एकत्र किंवा वेगवेगळ्या होस्टवर ठेवण्याचे नियमही तपासावेत. बॅकअपचे काम पूलच्या आधारे लावले असेल, तर ते हटकून पाहावे. त्याच नावाचा नवा पूल केला तरी बॅकअप यंत्रणेच्या लेखी तो वेगळाच असतो.

मेमरी बदलण्यासाठी डीआरएस बंद करण्याची गरज नव्हती. तो पूर्ण स्वयंचलित असेल, तर होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (दुरुस्तीच्या स्थितीत) घालताच त्यावरील मशीन, व्हीमोशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणारी सोय) व्यवस्थित लावलेले असल्यास, तोच दुसरीकडे हलवतो. स्थलांतर आपल्या हातात ठेवायचे असेल तर डीआरएस 'मॅन्युअल' करावा. त्याने पूल जागच्या जागी राहतात.