शून्य डाउन पेमेंटचं सोलर: आधी आकडा 3 चा 2 करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला स्वतःचं रो हाऊस, महिन्याला 260 च्या आसपास युनिट, बिल 2,900 च्या घरात. 3 किलोवॅटचं कोटेशन 1,95,000 चं आलंय आणि हातात जेमतेम 30-40 हजार आहेत. एक विक्रेता म्हणतो शून्य डाउन पेमेंट, महिन्याचा हप्ता फक्त. दुसरा म्हणतो छत द्या, खर्च आमचा, तुम्ही फक्त वापरलेल्या युनिटचे पैसे द्या. यातलं काय घ्यावं?

माझ्या मते दोन्ही नको. बँकेचं कर्ज घ्या. पण त्याआधी मला त्या 3 किलोवॅटवरच बोलायचंय.

पुण्यात 1 किलोवॅटमागे वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 110-115 युनिट धरायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. म्हणजे 2 किलोवॅटमधून तुम्हाला 220-230 युनिट मिळतील. आता बिल हातात घ्या. पहिली 100 युनिटं स्वस्त असतात, त्यापुढचा दर जवळपास दुप्पट होतो. सोलर तुमची वरची, महागडी युनिटं आधी खातं. 2 किलोवॅटने ती सगळी संपतात, उरतात ती 30-40 स्वस्त युनिटं. तिसरा किलोवॅट घेतलात तर तो ही स्वस्त युनिटं वाचवणार आणि बाकीची वीज महावितरणला देणार. वर्षभरात खात्यात साठलेल्या जास्तीच्या युनिटांचा हिशोब 31 मार्चला होतो आणि तिथे मिळणारा दर तुम्ही विजेला मोजता त्याच्या जवळपासही नसतो.

अनुदानही तेच सांगतं. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला फक्त 18,000, आणि तिथेच थांबतं: 78,000. घरात नवा एसी, इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर 3 घ्या, जरूर घ्या. नाहीतर विक्रेत्याला सरळ सांगा, 2 चं कोटेशन द्या. तो कुरकुर करेल. चार पॅनेलच्या कामात त्याला फार सुटत नाही.

आता पैशाचं. या योजनेखाली राष्ट्रीयीकृत बँका 3 किलोवॅटपर्यंत 2 लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज देतात. मुदत 10 वर्षांपर्यंत, स्वतःचा हिस्सा 10 टक्के. व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं आहे: 2024 मध्ये 7 टक्के होतं, मग रेपो उतरला तसं 6 च्या आसपास आलं. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून जातो. तरीही शाखेत एक चक्कर मारा, आणि शक्यतो जिथे पगार किंवा पेन्शन जमा होतं त्याच शाखेत.

समजा 2 किलोवॅटचं काम 1,35,000 ला ठरलं. तुमचे 13,500, कर्ज 1,21,500. 6 टक्क्यांनी 10 वर्षांचा हप्ता साधारण 1,350. अनुदानाचे 60,000 आले की ते मुकाट्याने कर्जात भरा आणि हप्ता कमी करून घेऊ नका. बँकवाले विचारतात, हप्ता उतरवू का? नको म्हणायचं, मुदत उतरवा. मग उरलेलं कर्ज सव्वाचार वर्षांत फिटतं. बिल 2,900 वरून चारेकशेवर येईल (स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क राहतंच, ‘शून्य बिल’ ही जाहिरातीची भाषा). म्हणजे बिलातले 2,500 वाचले, त्यातले 1,350 हप्त्याला गेले. सोलर चालू झालं की पहिल्या महिन्यापासून खिशाला झळ नाही. तुम्हाला हवं होतं ते हेच ना?

शून्य डाउन पेमेंटवाल्याला एकच प्रश्न विचारा: व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्यूसिंग (उरलेल्या कर्जावरच)? ‘फक्त 8 टक्के’ फ्लॅटने 5 वर्षांसाठी म्हणजे लाखाला 2,333 रुपये हप्ता. हाच हप्ता रिड्यूसिंगच्या हिशोबात 14 टक्क्यांना पडतो. 13,500 वाचवायला इतकं मोजायचं? शिवाय अशा कर्जात बऱ्याचदा अनुदान वजा करूनच हप्ता सांगतात, आणि अनुदान लांबलं की फरक तुमच्या माथी.

छत भाड्याने देण्याचा प्रकार (रेस्को म्हणतात) वाईट नाही, पण तो सोसायट्यांना शोभतो. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे, असा मोठा कॉमन मीटर असेल आणि सभासद वर्गणी काढायला तयार नसतील तर ठीक. एका रो हाऊससाठी असा करार माझ्या ओळखीत कुणी केलेला नाही. तुम्ही करणार असाल तर घर विकताना कराराचं काय होणार आणि युनिटचा दर दरवर्षी किती वाढणार, ही दोन कलमं वकिलाला दाखवा.

आता माझी फजिती. 2024 च्या पावसाळ्याआधी मी सहकारनगरच्या घरावर 3 किलोवॅट बसवलं. (हो, 3. तेव्हा वरचा हिशोब मला कुणी सांगितला नव्हता.) पॅनेल दोन दिवसांत चढले, बँकेने पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकले, माझा हिस्सा मी आधीच देऊन बसलो होतो. झालं, विक्रेत्या साहेबांचा उत्साह तिथेच मावळला. नेट मीटरच्या (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगळी मोजणारा मीटर) कागदांसाठी मी सात आठवडे फोन करत होतो. हप्ता सुरू, बिल पूर्ण, आणि छतावर सहा पॅनेल ऊन खात बसलेले. नेट मीटर लागल्याशिवाय तपासणी नाही, तपासणीशिवाय अनुदान नाही. म्हणून वर्क ऑर्डरवर लिहून घ्या: शेवटचे 10-15 हजार नेट मीटर लागल्यावर. तोंडी नको.

आणि मीटर लागण्याआधी ‘जरा चालू करून बघू’ असं करू नका. शेजारच्या काकांनी केलं. जुन्या मीटरने बाहेर गेलेली वीजही वापरात मोजली आणि बिल उलटं वाढून आलं.

आणखी वेळ कशात गेला म्हणाल तर नावात. बिल वडिलांच्या नावावर होतं, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. अर्ज, कर्ज आणि अनुदान, सगळं वीज ग्राहकाच्या नावाने लागतं. नाव बदलण्यात महिना गेला. तुमचं बिल आज उघडून बघा: नाव कुणाचं आणि मंजूर भार किती.

किरकोळ गोष्टी. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे देशी सेलचेच लागतात. कोटेशनमध्ये तो शब्द नसेल तर स्वस्ताईला भुलू नका. बॅटरी नसेल तर वीज गेली की सोलरही बंद पडतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच गुरुवारी (पुण्यात दुरुस्तीसाठी वीज घालवतात तो वार) बोलणी बसतात. महापालिका हद्दीत सोलरसाठी मिळकतकरात 5 टक्के सवलत आहे, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. आणि दक्षिणेकडे शेजाऱ्यांचं नारळाचं झाड असेल तर दुपारी तीनला गच्चीवर जाऊन सावली कुठवर येते ते बघा, तेही डिसेंबरात. उन्हाळ्यात फसायला होतं.

2 किलोवॅटचं कोटेशन आलं की आकडे इथे टाका, व्याजाचा दर आणि मुदतीसकट. हप्ता मांडून देतो.