कमी कॅलरी खाल्ल्याने आयुष्य खरंच वाढतं का? रोज किती कमी कराव्यात?

उंदरांचं वाढतं. माणसाचं वाढतं असं अजून कुणी दाखवलेलं नाही. खरं तर एवढ्यावर थांबायला हवं, पण हा प्रश्न आमच्या घरात फार चघळला गेलाय.

माझ्या थोरल्या भावाने वडिलांचं खाणं कमी केलं, तेव्हा वडिलांनी सत्तरी ओलांडली होती आणि अंगाने ते मुळातच शिडशिडीत. दादा त्यांचं जेवण काट्यावर तोलायचा आणि १९३५ साली संशोधक मॅके यांनी कमी खायला घालून जास्त जगवलेले उंदीर ऐकवायचा. ते उंदीर दूध सुटल्यापासून कमी खात होते, वडिलांचं दूध सुटून जमाना झाला, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. वजन उतरलं. लोक कौतुक करू लागले. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागला आणि एके दिवशी पडून मनगट मोडलं. दादाच्या मते दोष ओल्या फरशीचा. फरशी काय आधी कोरडी असायची?

अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ चाचणीत लठ्ठ नसलेली दोनशेहून जास्त माणसं होती. दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं ठरलं. मागे आहारतज्ज्ञांची फौज असूनही सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच जमलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं, मान्य. पण हाडांची घनताही घटली. आणि भाग घेणाऱ्यांत पन्नाशीपुढचं कुणीच नव्हतं! माकडांवरच्या प्रयोगांतूनही ठाम काही निघत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, पण तिथल्या खाण्यात साखर भरपूर होती. दुसऱ्या प्रयोगात सगळ्यांचंच खाणं बरं होतं, तिथे आयुष्यात फरक पडला नाही. दादा फक्त विस्कॉन्सिनचं सांगतो.

तुम्ही तिशी-चाळिशीत असाल तर दहा-बारा टक्के कमी करून बघा, प्रथिनं मात्र तोडू नका आणि व्यायामाला वजनं उचला. म्हाताऱ्या माणसावर हे लादू नका. निदान त्याला भूक लागते का, एवढं तरी विचारा. मी वडिलांना विचारलं होतं. ‘भूक ही सवय असते’ असं उत्तर दादाने दिलं.

हो, वजन खरंच जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथे खाणं कमी करण्याचा फायदा होतो, पण गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.